दोन पावसाळे पाहिलेला कॉन्ट्रॅक्टर

पझेशन मिळालं! किल्ली हातात आली, बिल्डरच्या ऑफिसात पेढे वाटून झाले, रिकाम्या हॉलमध्ये उभं राहून सेल्फी काढून झाला, तो फॅमिली ग्रुपवर टाकून झाला. आता लिफ्टनं खाली या. गेटपर्यंत पोचेस्तोवर तुमच्या हातात किमान चार व्हिजिटिंग कार्डं पडलेली असतील. एक सेफ्टी ग्रिलवाल्याचं, एक मच्छरजाळीवाल्याचं आणि दोन ‘कम्प्लीट इंटीरिअर सोल्युशन्स’ची. वाकड असो, खारघर असो की घोडबंदर रोड, नव्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर सीन सेम टू सेम.

मंडळी, खरी परीक्षा इथून सुरू होते. फ्लॅट घेताना तुमच्या बाजूनं बँक उभी होती. बँकेच्या वकिलानं टायटल तपासलं, व्हॅल्युअरनं किंमत काढली, रेराच्या साइटवर प्रोजेक्टचा नंबर सापडला. आता सात-आठ लाखांचं काम ज्याच्या हातात द्यायचं, त्याला तपासणारं मात्र कुणीच नाही. टाइल्स, सुतारकाम, पीओपी, रंग ही कामं घ्यायला आपल्याकडे वेगळं लायसन्सच लागत नाही. काल मिस्त्रीच्या हाताखाली असलेला माणूस आज कार्ड छापून कॉन्ट्रॅक्टर होऊ शकतो. तो कदाचित उत्तमही असेल. पण ते कार्डावरून कळत नाही.

मग आपण काय करतो? रील्स बघतो. थ्रीडी बघतो. लॅपटॉपवर तुमच्याच हॉलचं असं चित्र, की पडदा वाऱ्यानं हलतोय, कोवळं ऊन सोफ्यावर पडलंय आणि खिडकीतून चक्क झाडं दिसतायत (जिथे प्रत्यक्षात बी विंगचं किचन दिसतं). थ्रीडी करणारा मुलगा वेगळा असतो, तो तुमच्या साइटवर कधी पायही ठेवत नाही. त्या चित्रावरून सुताराचा हात कळणं म्हणजे लग्नपत्रिकेवरून जेवणाची चव ओळखणं.

आपल्याकडे मोठी माणसं म्हणतात ना, ‘तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत मी’? कॉन्ट्रॅक्टरच्या बाबतीत हे अक्षरशः घ्या. त्यानं गेल्या महिन्यात केलेलं घर बघू नका. ते तो स्वतःच दाखवेल, हौसेनं, आणि ते चकाचकच असणार. नवं काम महिनाभर कुणाचंही चमकतं. त्याला म्हणा, दोन पावसाळे पाहिलेलं घर दाखवा. मुंबई-पुण्याच्या पावसासमोर कुणाची चमकोगिरी चालत नाही. ओल्या प्लास्टरवर घाईनं मारलेली पुट्टी पापुद्रे टाकते, स्वस्तातला प्लाय फुगतो, लॅमिनेटच्या कडा सुटतात, बाथरूमच्या मागच्या भिंतीवर नकाशे उमटतात.

या एका मागणीवर निम्मी गाळणी होते. कुणी म्हणतं, ‘ते क्लायंट आता अमेरिकेत असतात.’ कुणी म्हणतं, ‘फोटो पाठवतो ना!’ ज्याच्याकडे दोन वर्षांपूर्वीचं एकही गिऱ्हाईक फोन करण्याजोगं उरलेलं नाही, त्याच्याबद्दल आणखी चौकशीची गरजच नाही.

जो नंबर देईल, त्याच्या जुन्या घरी कॉन्ट्रॅक्टरला न घेता जा. शनिवारी सकाळी, आधी फोन करून. लोक आनंदानं दाखवतात, कारण घराच्या कामावर बोलायला जगात प्रत्येकाकडे वेळ असतो. हॉलचं कौतुक करा आणि पाच मिनिटांत किचनमध्ये शिरा. सिंकखालचं दार उघडा. वास घ्या. कुबट वास आला तर समजून जा. तळाच्या फळीवर बोट दाबून बघा. मग बेडरूममधलं वॉर्डरोब, विशेषतः बाहेरच्या भिंतीला टेकलेलं. सरकतं दार अडकतंय का, बिजागरीचं दार खाली आलंय का. बाथरूमच्या बाहेरच्या बाजूची भिंत, जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंत. बस, एवढंच. फॉल्स सीलिंगचे दिवे बघू नका, ते सगळ्यांचेच लागतात.

ऑफिसातली एक मैत्रीण अशीच डोंबिवलीला एक घर बघायला गेली. घरातल्या काकू भरभरून स्तुती करत होत्या. मुलगा फार चांगला, बोलायला गोड, दिवाळीला मिठाई पाठवतो वगैरे. हिनं सिंकखालचं दार उघडलं तर आत पाण्याचं गळकं टमरेल! काकू म्हणाल्या, ‘अगं ते होय, रोज रात्री रिकामं करते मी.’ मिठाई पाठवणारा मुलगा दीड वर्षात एकदाही बघायला आला नव्हता. गोड बोलण्याच्या भिडेपोटी काकूंनी तक्रारही केली नव्हती. म्हणून घरमालकाला ‘काम चांगलं केलं का’ असं विचारून भागत नाही. स्वतःच निवडलेल्या माणसाला वाईट म्हणायला कुणाला आवडेल? विचारायचं ते आकड्यांत. कोटेशन किती होतं आणि शेवटी किती गेले? किती दिवस सांगितले आणि किती लागले? सगळे पैसे दिल्यावर कधी बोलावलं होतं का, आणि आला का? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात त्या माणसाची जन्मपत्रिका असते.

एक सध्या चालू असलेली साइटही बघा, न सांगता. काम अर्धवट असताना धूळ असणारच, पण त्या पसाऱ्यात शिस्त दिसते किंवा दिसत नाही. सिमेंटच्या गोण्या फळीवर आहेत की थेट जमिनीवर ओल खातायत? घातलेल्या टाइल्सवर काही अंथरलंय का? आणि तिथे भेटणाऱ्या माणसांशी दोन शब्द बोला. हा भाग बहुतेक जण विसरतात.

कारण कॉन्ट्रॅक्टर स्वतः करवत हातात धरत नाही. तुमचं घर घडवणार तो सुतार, गवंडी, प्लंबर, पीओपीवाला, रंगारी. प्रत्येकाची टोळी वेगळी, मुकादम वेगळा. सुतार कदाचित राजस्थानचा, पीओपीवाला बंगालचा. त्यांना सरळ विचारा, ‘इनके साथ कितने साल से हो?’ सात-आठ वर्षं तोच सुतार टिकून असेल तर त्याचा अर्थ एकच: पगार वेळेवर मिळतो. जो कॉन्ट्रॅक्टर सुताराचे पैसे अडकवतो, त्याचा सुतार एका सकाळी हत्यारं उचलून दुसऱ्या साइटवर जातो आणि तुमचं वॉर्डरोब दाराविना उभं राहतं. मग फोनवर रोज नवी गोष्ट. सुताराची आजी, सुताराचा ताप, सुताराच्या गावची निवडणूक.

दुसरा खबऱ्या म्हणजे प्लायवाला दुकानदार. पुण्यात भवानी पेठेतलं टिंबर मार्केट असो की तुमच्या उपनगरातलं हार्डवेअरचं दुकान, त्याला आपल्या गिऱ्हाइकांच्या उधाऱ्या तोंडपाठ असतात. ‘अमुक अमुक तुमच्याकडूनच माल घेतात ना?’ एवढं विचारा आणि चेहरा वाचा. नुसतं हसून ‘हो, घेतात’ आणि ‘हो हो, कधीपासूनचे आपले!’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता सोसायटीचा वॉचमन, सेक्रेटरी, समोरच्या फ्लॅटमधले अंकल... हे जी नावं सुचवतात ती घ्यावीत. फक्त काही नावांमागे कट असतो हे ध्यानात ठेवावं. तो कट तुमच्याच स्क्वेअर फुटात मिसळलेला असतो.

चला, तीन जण गाळणीतून उरले. आता कोटेशन. इथे आपण एमबीए लोक सगळ्यात मोठा घोळ घालतो. तिघांना तीन वेगळ्या वेळी तीन वेगळ्या गोष्टी सांगतो, आणि मग खालचे आकडे लावून ‘हा स्वस्त’ म्हणून टाळी देतो. समजा, सात बाय सात फुटांचं वॉर्डरोब आहे, म्हणजे ४९ चौरस फूट. एकानं चौरस फुटाला १,४०० रुपये लावले: ६८,६०० रुपये. दुसऱ्यानं १,६५०: ८०,८५० रुपये. पहिला बारा हजारांनी स्वस्त, राइट? आता खालची बारीक ओळ वाचा. पहिल्याच्या भावात आतले ड्रॉवर नाहीत, कुलपं नाहीत, हँडल नाहीत आणि वरचा लॉफ्ट वेगळा. साडेतीन हजारांचे चार ड्रॉवर धरले तरी १४,००० झाले. संपलं, स्वस्ताईची हवा गेली!

तेव्हा आधी तुम्ही स्वतः यादी करा. एक्सेल आपल्याला येतंच, ऑफिसचं काही तरी घरी उपयोगी पडू दे. खोलीनुसार प्रत्येक वस्तू, तिचं माप, आत काय हवं. तीच शीट तिघांना द्या आणि म्हणा, यात भाव भरा. रंगाचा भाव घेताना दारं-खिडक्या मापातून वजा होणार का ते विचारा. टाइल्सच्या भावात जुन्या काढणं आणि राडारोडा उचलणं धरलंय का, तेही. सुतारकाम काही जण चौरस फुटावर मोजतात, किचन काही जण रनिंग फुटावर. दोन्ही चालतं, पण तिघांचं एकच हवं.

आणि मटेरियल नावानिशी हवं. नुसतं ‘१८ एमएम प्लाय’ लिहिणं म्हणजे ‘चारचाकी गाडी’ लिहिण्यासारखं आहे. प्लायवर आयएस ३०३ असेल तर तो सर्वसाधारण वापराचा, त्यात एमआर आणि बीडब्ल्यूआर असे प्रकार असतात. आयएस ७१० म्हणजे मरीन, पाण्याला जास्त टिकणारा. बेडरूमच्या कपाटाला एमआर चालून जातो, सिंकखाली चालत नाही. शीटवर आयएसआय मार्कासोबत ‘सीएम/एल’नं सुरू होणारा लायसन्स नंबर छापलेला असतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की कुठल्या कंपनीचं लायसन्स आहे, चालू आहे का, ते कळतं. माल साइटवर उतरला की लंच अवरमध्ये एक चक्कर मारा आणि नंबर टाकून बघा. कापून लॅमिनेट चिकटवल्यावर सगळे प्लाय सारखेच दिसतात, आणि हे कॉन्ट्रॅक्टरला तुमच्याआधी माहीत असतं.

कोटेशनमधले सगळ्यात महागडे दोन शब्द सांगू? ‘किंवा तत्सम’. अमुक कंपनीचा नळ किंवा तत्सम, तमुक चॅनल किंवा तत्सम. हे दोन शब्द खोडा आणि बाजूला सही घ्या.

आता एक ट्रिक. कॉन्ट्रॅक्टर घर बघायला आला की सहज विचारा, ‘ही भिंत पाडून किचन ओपन करता येईल का हो?’ आणि गप्प बसा. एक जण म्हणेल, ‘हो सर, उद्या तोडून टाकू, काय नाय होत.’ दुसरा भिंतीवर टकटक करेल, वर बीम कुठून जातो ते बघेल आणि बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागेल. पहिल्याला चहा पाजून निरोप द्या. अलीकडच्या अनेक टॉवर्समध्ये मायव्हान पद्धतीनं, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात, भिंती आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटमध्ये ओतलेले असतात. तिथे भिंत ही नुसती भिंत नसते, ती इमारतीचं वजन पेलते. तिच्यात वायरिंगसाठी खोल चर मारणंसुद्धा चूक. हे ज्याला माहीत नाही, त्याच्या हातात ड्रिल मशीन देणं हा तुमचा एकट्याचा प्रश्न राहत नाही.

घाटकोपर पश्चिमेला २५ जुलै २०१७ रोजी एक चार मजली इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावला गेला, असा आरोप झाला. वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी त्या कामाचं कोटेशन काही मंजूर केलेलं नव्हतं. म्हणून सोसायटीची लेखी परवानगी ही कटकट समजू नका. उपविधींप्रमाणे ती लागतेच, आणि जो कॉन्ट्रॅक्टर ‘एनओसीचं मी मॅनेज करतो’ म्हणतो, तो उद्या तुमच्याबाबतीतही काही तरी मॅनेज करेल. खांब, बीम, स्लॅब किंवा बाथरूमची जागा, यातल्या कशालाही हात लावायचा विचार असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरचं पत्र आधी, हातोडा नंतर.

नव्या फ्लॅटवाल्यांनी इथेच आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरनं तो तीस दिवसांत, फुकटात दुरुस्त करून द्यायचा असतो. पण तुम्ही बाथरूमच्या टाइल्स फोडल्या आणि नंतर खालच्या फ्लॅटमध्ये गळती झाली, की बिल्डर हात वर करून मोकळा: ‘तुमच्या माणसानं वॉटरप्रूफिंग फोडलं.’ आणि तुमचा माणूस म्हणणार, ‘बिल्डरचंच कच्चं होतं.’ पाणी मात्र खालच्या काकांच्या देवघरात. तेव्हा हातोडा लावण्याआधी प्रत्येक खोलीचे तारखेसकट फोटो काढा, जे दोष दिसतायत ते बिल्डरला ईमेलनं कळवा. आणि खरं सांगायचं तर, नवीकोरी बाथरूम नुसता रंग आवडत नाही म्हणून फोडू नये. आरसा बदला, दिवा बदला, मूड बदलतो.

जुन्या फ्लॅटमध्ये बाथरूम फोडावीच लागते. तिथे वॉटरप्रूफिंग झालं की टाइल्स बसवण्याआधी पाण्याची चाचणी घ्यायची. नहाणीचं तोंड बंद करून पाणी भरायचं, निदान दोन दिवस तसंच ठेवायचं आणि खालच्या घरी जाऊन छत बघायचं. याला साइटवर पाँडिंग टेस्ट म्हणतात. चांगला कॉन्ट्रॅक्टर तुम्ही न सांगता करतो. कच्चा म्हणतो, ‘दोन दिवस फुकट जातील, साहेब.’ ते दोन दिवस कोटेशनच्या वेळीच वेळापत्रकात लिहून घ्या.

वायरिंगचं मात्र वेगळं आहे. इलेक्ट्रिकचं काम लायसन्सधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्यायला हवं, तसा नियमच आहे. त्याचा लायसन्स नंबर मागायला लाजू नका. एसी आणि गिझरला साधारण चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर, बोर्डात आरसीसीबी, एवढं तरी विचारा. आणि भिंती बुजवण्याआधी टेप लावून पाइप आणि वायरचे फोटो काढून ठेवा. पुढे आरसा टांगताना तुम्ही स्वतःला दुवा द्याल.

आता पैसा! ज्याचे आधी गेले तो नंतर फोन करत बसतो, हे या धंद्याचं व्याकरण आहे. ‘पन्नास टक्के ॲडव्हान्स, मटेरियल उचलायचंय’ हे वाक्य तुम्ही ऐकणारच. मटेरियल खरंच उचलायचं असतं. पण बऱ्याचदा ते तुमचं नसून आधीच्या साइटचं असतं. तुमच्या पैशानं त्याचा प्लाय, पुढच्या गिऱ्हाइकाच्या पैशानं तुमचा. याची टोपी त्याला! नवी कामं येत राहिली तोवर चालतं. एखाद्या महिन्यात काम आलं नाही की साखळी तुटते, आणि तेव्हा नेमका तुमचा नंबर असतो.

यावर साधा इलाज आहे. सुरुवातीला दहा टक्के, फार तर पंधरा. मटेरियलला पैसे हवेत? हरकत नाही, दुकानात सोबत जा, बिल तुमच्या नावावर घ्या आणि दुकानदारालाच परस्पर ट्रान्सफर करा. पुढचे हप्ते तारखेला बांधू नका, कामाला बांधा. फोडाफोडी आणि प्लंबिंग झालं की एक, टाइल्स बसल्या की एक, सुतारकामाचे सांगाडे उभे राहिले की एक, लॅमिनेट आणि रंग झाला की एक. आणि शेवटचे पाच ते दहा टक्के तुमच्याकडेच. सरकारी कामातसुद्धा ठेकेदाराच्या बिलातून सुरक्षा ठेव कापून घेतात आणि दोष दायित्व कालावधी संपला की परत देतात. सरकारला जे सुचलं ते आपल्याला का सुचू नये? एप्रिलमध्ये काम संपलं तर ही रक्कम सप्टेंबरनंतर द्यायची, म्हणजे मधला पावसाळा आपोआप परीक्षा घेतो. कॉन्ट्रॅक्टर कुरकुर करेल. घासाघीस होऊन तीन महिन्यांवर तुटेल. तुटू दे. पण जो या मुद्द्यावर उठून जातो, तो त्या मुद्द्यावरच उठून जातोय हे नोंदवून ठेवा.

‘बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील, मॅडम.’ हेही ऐकाल. जीएसटी वाचतो, मान्य. पण त्याबरोबर तुम्ही या माणसाला पैसे दिल्याचा पुरावाही वाचतो, म्हणजे उरतच नाही. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या छोट्या सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणी सक्तीची नसते, त्यामुळे नोंदणी नाही म्हणजे लबाड असं अजिबात नाही. फक्त मग तो तुमच्याकडून जीएसटी मागू शकत नाही. आणि नंबर दिला असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. पंधरा आकडी-अक्षरी नंबर, महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात २७ नं. कार्डावर ‘सिन्स १९९८’ असतं आणि पोर्टलवर नोंदणी मागच्या दिवाळीची निघते, कधी कधी रद्द झालेलीही. पैसे कसेही द्या, पण खात्यातून, आणि ज्याच्या नावानं कोटेशन आहे त्याच्याच खात्यात. ‘भावाच्या नंबरवर यूपीआय करा’ला नाही म्हणायचं.

करार म्हटलं की लोकांना वकील आठवतो. दोन पानं पुरतात. यादी, भाव, मटेरियलची नावं, हप्ते, काम संपण्याची तारीख, उशीर झाला तर आठवड्याला किती कापणार, आणि राडारोडा कोण उचलणार. ‘एक्स्ट्रा’ काम किंमत लेखी ठरल्याशिवाय सुरू करायचं नाही, हेही त्यातच लिहा. व्हॉट्सॲपवरचं ‘ओके’सुद्धा चालेल. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून करारांना शंभर रुपयांचा स्टँप चालत नाही, किमान पाचशेचा लागतो. घासाघीस करून तेवढे पाचशे वाचवू नका.

कारण वेळ आलीच तर हीच दोन पानं कामाला येतात. घराचं काम ही ग्राहक कायद्यानं सेवाच आहे. गृहबांधणीबद्दल सुप्रीम कोर्टानं १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. आणि माणूस काम अर्धवट टाकून गायबच झाला, तर चिडून दुसऱ्या दिवशी नवा कॉन्ट्रॅक्टर लावू नका. आधी झालेल्या कामाचे फोटो, मापं, शक्य तर एखाद्या इंजिनीअरच्या सहीनं, आणि पहिल्याला लेखी नोटीस. नव्या माणसानं हात लावला की जुन्याचं काय आणि नव्याचं काय, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

मुहूर्ताचं एक सांगायचं राहिलं. ‘पाडव्याला गृहप्रवेश आहे, तोवर काहीही करून पाहिजे’ हे पहिल्याच भेटीत बोलू नका. एक तर तुमची दुखरी नस त्याला कळते. दुसरं, होळीला आणि दिवाळीला कारागीर गावी जातात आणि ते परत येण्याची तारीख त्यांनाही ठाऊक नसते. मनातल्या मनात तीन आठवडे जादा धरा आणि कागदावर अलीकडची तारीख लिहा.

काम चालू झालं की रोज संध्याकाळी ऑफिसातून परतताना दहा मिनिटं साइटवर जा. सुताराला परस्पर सूचना देऊ नका. तो तुमचंही ऐकेल आणि कॉन्ट्रॅक्टरचंही, आणि दोन्हींच्या मधलं काही तरी बनवेल. जे सांगायचं ते एका माणसाला, आणि लगेच मेसेजवर. कारागिरांना प्यायचं पाणी आणि वापरायला संडास कुठला, हे पहिल्याच दिवशी ठरवा. दिवसभर चार मजले खाली-वर करणाऱ्या माणसाकडून सरळ रेषेतल्या टाइल्सची अपेक्षा कशी करणार?

शेवटच्या मोठ्या हप्त्याआधी एक रविवार राखून ठेवा. दिवसाउजेडी जा, रात्रीच्या दिव्यांत सगळंच छान दिसतं. मोबाइलचा चार्जर घेऊन प्रत्येक प्लगमध्ये लावून बघा. प्रत्येक ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा. सगळे नळ एकाच वेळी सोडा. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता आणि ते नहाणीकडे जातंय की दाराकडे, ते उभं राहून बघा. टाइल्सवर नाण्यानं हलकेच वाजवत जा. जिथे पोकळ आवाज येईल तिथे खडूनं फुली मारा. फुल्या मोजा, फोटो काढा, कॉन्ट्रॅक्टरला पाठवा आणि चेकबुक घरी विसरून या.